गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

प्रश्न : दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार. मी बँक भरतीच्या परीक्षेची तयारी करीत असून माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी व्याकरणातील काळ, प्रयोग, वाक्यरूपांतर हे भाग मेहनतीने आवाक्यात आले. परंतु साध्या क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असा एखादा टीचभर शब्द लागून जी ‘फ्रेझल व्हर्ब्ज’ तयार होतात, त्यांच्यापुढे माझे काही चालत नाही. अर्थ मला पाठ असतात. एकाच जोडीचे चार-चार अर्थ पाठ असतात, आणि तरीही समोरच्या वाक्यात त्यांपैकी कोणता घ्यावा हे वेळेवर सुचत नाही.

गेल्या आठवड्यात परभणीच्या अभ्यासिकेत एक सराव-उतारा सोडवत होतो. त्यात ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फोर’ असे वाक्य होते. माझ्या वहीत ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे ‘दिवे गेले’ अशी नोंद असल्यामुळे, गजर पहाटे चार वाजता बंद पडला आणि त्या माणसाची आगगाडी चुकली असणार, असा अर्थ मी लावला व त्याच समजुतीवर पुढचे प्रश्न सोडवले. उत्तरे तपासली तेव्हा कळले की गजर बंद पडला नव्हता, चांगला वाजला होता, आणि तो माणूस वेळेवर स्टेशनवर पोहोचलाही होता. पाचपैकी चार प्रश्न चुकले. दिव्याच्या बाबतीत जो ‘ऑफ’ काम थांबवतो, तोच गजराच्या बाबतीत काम सुरू कसा करतो, हे मला अजूनही उमगलेले नाही.

माझ्या वहीत अशा तीनशे चाळीस जोड्या वर्णानुक्रमे लिहिलेल्या आहेत. त्या नुसत्या घोकत राहाव्यात, की यामागे काही सूत्र आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर : पाटी-खडू (नांदेड)

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि ‘गो ऑफ’वर अडखळणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी इंग्रजी बाजूला ठेवून आधी एक मराठी प्रश्न विचारतो. ‘शाळा सुटली’ या वाक्यात शाळा सुरू झाली की संपली? संपली. मग ‘वारा सुटला’ या वाक्यात वारा थांबला का? नाही, सुरू झाला. ‘नोकरी सुटली’ म्हणजे गेली, ‘गाडी सुटली’ म्हणजे निघाली, ‘गणित सुटले’ म्हणजे उत्तर आले, ‘घाम सुटला’ म्हणजे अंगावर आला, आणि ‘पोट सुटले’ याचा अर्थ मी माझ्याच उदाहरणाने वर्गात सांगतो. यांपैकी एकही वाक्य ऐकताना आपला कधी गोंधळ झाला नसेल. आपण ‘सुटणे’चे अर्थ क्रमांक देऊन पाठ केलेले नाहीत; सुटणारी वस्तू कोणती आहे, हे कानावर पडताक्षणी अर्थ आपोआप ठरतो.

‘ऑफ’चे मूळ काम ‘पासून दूर’ किंवा ‘धरून ठेवलेल्या जागेवरून अलग’ हे दाखवण्याचे आहे. दिवा जळत्या अवस्थेपासून अलग झाला की विझतो. बंदुकीचा चाप मात्र आधी अडवून धरलेला असतो. तो जागचा सुटला की बार उडतो. इंग्रजीत ‘द गन वेंट ऑफ’ म्हणतात आणि आपणही ‘गोळी सुटली’ असेच म्हणतो. गजराचे घड्याळ बंदुकीच्या जातीचे आहे, दिव्याच्या जातीचे नाही: चार वाजेपर्यंत तो दाबून ठेवलेला आवाज चार वाजता सुटतो. दूध ‘गो ऑफ’ झाले तर ते आपल्या चांगल्या अवस्थेपासून ढळले, म्हणजे नासले. तेव्हा उताऱ्यात ‘गो ऑफ’ दिसले की आधी कर्ता पाहावा, आणि तो कर्ता स्वस्थ बसलेला होता की काम करीत होता, एवढे स्वतःला विचारावे.

दुसरी खूण कर्माची आहे. ‘टेक ऑफ’ घ्या. ‘द प्लेन टुक ऑफ’ या वाक्यात कर्म नाही, म्हणून विमान उडाले. ‘ही टुक ऑफ हिज शूज’ यात बूट हे कर्म आहे, म्हणून त्याने बूट काढले. एखादा धंदा ‘टेक ऑफ’ झाला तर तो झपाट्याने वाढला. इथेही कर्म नाही आणि विमानाचेच चित्र आहे. ‘टेक अ डे ऑफ’ म्हणताना मध्ये दिवस येऊन बसतो, आणि ती रजा असते.

तिसरी गोष्ट परीक्षेत हमखास विचारली जाते. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही वाक्ये दिसायला जुळी आहेत. पहिल्यात तो टेकडी चढून गेला. तिथे ‘अप’चे नाते टेकडीशी आहे. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. तिथे ‘अप’चे नाते ‘रॅन’शी आहे. परीक्षा सोपी आहे: छोटा शब्द उचलून वाक्याच्या शेवटी ठेवून पाहा. ‘रॅन अ बिल अप’ चालते, ‘रॅन अ हिल अप’ चालत नाही. कर्माच्या जागी सर्वनाम असेल तर ते अशा जोडीच्या मध्येच बसवावे लागते. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. मात्र ‘लुक आफ्टर’सारख्या जोडीत ‘आफ्टर’ हे खरे शब्दयोगी असल्यामुळे ‘लुक आफ्टर इट’ असेच लिहावे लागते. बोलतानाही हा फरक ऐकू येतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक आफ्टर इट’ म्हणताना तो ‘लुक’वर राहतो.


उत्तर : सोयाबीन-ते-मोंढा (वसमत)

मी शिक्षक नाही, माझे मालवाहतुकीचे वाहन आहे. सरांचे उत्तर वाचून मला माझ्याच धंद्यातला शब्द आठवला. आमच्याकडे ‘पिकअप’ म्हणजे चार चाकांची गाडी, जिच्यात सोयाबीन व हळद मोंढ्यात जाते. त्याच गाडीला चढावर जोर नसेल तर मेकॅनिक म्हणतो की ‘गाडीला पिकअप नाही’. व्यापाऱ्याचा निरोप येतो की त्याला बसस्थानकावरून पिकअप करा, आणि मी फोन घेतला नाही तर तोच व्यापारी ‘फोन का पिकअप केला नाही’ म्हणून रागावतो. दसऱ्यानंतर बाजाराने ‘पिकअप घेतला’ असेही मोंढ्यात बोलले जाते. या पाच अर्थांचा गोंधळ आमच्या क्लीनरलाही होत नाही, आणि तो शाळेत फारसा गेलेला नाही.


उत्तर : पाटी-खडू (नांदेड)

वसमतच्या बंधूंनी माझ्यापेक्षा चांगला धडा दिला आहे. फक्त विद्यार्थ्यासाठी एक पुस्ती जोडतो. ‘पिकअप’, ‘चेकअप’, ‘बॅकअप’, ‘कटऑफ’, ‘ब्रेकडाउन’ हे शब्द मराठीत नाम म्हणून आले आणि आपण त्यांना ‘करणे’ जोडून क्रियापद केले. इंग्रजीत नाम असताना ते एकत्र किंवा संयोगचिन्हाने लिहितात आणि जोर पहिल्या भागावर असतो. क्रियापद असताना दोन शब्द सुटे लिहितात आणि जोर मागच्या भागावर जातो. शिवाय इंग्रजी ‘पिक अप’चे आणखी दोन अर्थ उताऱ्यांत वारंवार येतात. भाषा ‘पिक अप’ केली म्हणजे ती शिकवणीशिवाय, कानावर पडून येऊ लागली, आणि आजार ‘पिक अप’ केला म्हणजे तो कुठून तरी जडला.


उत्तर : निवृत्त-रोखपाल (बीड)

प्रश्नकर्ते बँकेत येऊ पाहत आहेत, म्हणून मी परीक्षेपलीकडचे थोडे सांगतो. कारण या छोट्या शब्दांनी आमच्या काउंटरवर प्रत्यक्ष भांडणे लावलेली आहेत.

‘राइट ऑफ’ ही जोडी घ्या. रोजच्या इंग्रजीत कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे ते सोडून दिले, असा अर्थ होऊ शकतो. अपघातात मोटार ‘राइट ऑफ’ झाली म्हणजे ती दुरुस्तीच्या पलीकडे गेली, आणि एखाद्या माणसाला ‘राइट ऑफ’ केले म्हणजे त्याच्याकडून आता काही होणार नाही असे धरून चालले. बँकेच्या हिशेबात मात्र या शब्दाला अगदी अरुंद अर्थ आहे. थकून बुडीत धरलेल्या कर्जापोटी पूर्ण तरतूद केल्यानंतर ती रक्कम ताळेबंदातून काढून टाकतात. त्याला मराठीत निर्लेखन म्हणतात. कर्जदाराची देणेदारी त्यामुळे संपत नाही आणि वसुलीही चालूच राहते. कर्जमाफीला इंग्रजीत ‘वेव्हर’ हा वेगळा शब्द आहे. २००८ च्या केंद्रीय योजनेच्या इंग्रजी नावातही तोच आहे. माफीत सरकार बँकेचे पैसे भरते आणि शेतकऱ्याचा बोजा उतरतो. निर्लेखनात फक्त बँकेच्या वहीतले पान बदलते.

मी नोकरीत असताना एक वयस्क शेतकरी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले होते. बँकांनी इतक्या कोटींची कर्जे ‘राइट ऑफ’ केली, अशी ती बातमी होती, आणि शेजारच्या कोणी शिकलेल्या मुलाने त्यांना त्याचा अर्थ ‘माफ केली’ असा सांगितला होता. “आता बेबाकीचा दाखला तेवढा द्या,” एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांना समजावून सांगताना मला जे अवघडल्यासारखे झाले ते अजून विसरलेलो नाही, कारण त्या मुलाने शब्दकोश पाहूनच अर्थ सांगितला होता आणि शब्दकोशही खोटा नव्हता.

तसाच ‘सेट ऑफ’. प्रवासाला ‘सेट ऑफ’ झाले म्हणजे निघाले, फटाका ‘सेट ऑफ’ केला म्हणजे उडवला, आणि बँकेला ‘सेट ऑफ’चा अधिकार आहे म्हणजे थकबाकीपोटी खातेदाराची ठेव वळती करून घेता येते. माझे सांगणे एवढेच की वाक्य कोणत्या दुकानातले आहे हे आधी ओळखावे. नांदेडच्या सरांनी कर्ता आणि कर्म पाहण्यास सांगितले ते योग्यच आहे, पण ‘राइट ऑफ’च्या दोन्ही अर्थांत कर्म ‘कर्ज’ हेच आहे. तिथे व्यवहार कोणता आणि बोलणारा कोण हे पाहिल्याशिवाय निभाव लागत नाही.


उत्तर : जुनी-बारनिशी (धाराशिव)

वरील मुद्द्याला पूरक म्हणून आमच्या कार्यालयातले एक उदाहरण देतो. शासकीय कामकाजात ‘फाईल पुट अप करा’ हे दिवसातून दहा वेळा ऐकू येते; टिप्पणीसह वरिष्ठांपुढे सादर करणे, असा त्याचा अर्थ. मी वीस वर्षे ‘पुट अप’चा एवढाच अर्थ जाणत होतो. पुढे मुलाच्या पाठ्यपुस्तकात ‘वी कॅन पुट यू अप फॉर द नाइट’ हे वाक्य वाचले आणि पाहुण्याला कुणापुढे सादर करायचे आहे, हे काही केल्या कळेना. तिथे पाहुण्याला रात्री मुक्कामाला ठेवून घेणे अभिप्रेत होते. तंबू ‘पुट अप’ करतात म्हणजे उभारतात, भाव ‘पुट अप’ करतात म्हणजे वाढवतात. आणि मागे ‘विथ’ लागला तर सगळेच बदलून ‘सहन करणे’ असा अर्थ होतो. आमच्या खात्यात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारीच नांदतात.


उत्तर : उपसर्ग-प्रेमी (अंबाजोगाई)

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे आणि इंग्रजीवर अधिकाराने बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. परंतु ही चर्चा वाचताना सारखे वाटत राहिले की हे सारे आपल्या ओळखीचे आहे. ‘हृ’ हा एकच धातू घ्या. त्याला ‘आ’ लागला की आहार, ‘वि’ लागला की विहार, ‘प्र’ लागला की प्रहार, ‘सम्’ लागला की संहार, ‘परि’ लागला की परिहार, ‘अप’ लागला की अपहार. जेवणापासून विनाशापर्यंत आणि फिरण्यापासून अफरातफरीपर्यंतचे अंतर दोन-तीन अक्षरांनी कापले जाते. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ ही ओळ आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, हे त्या ओळीतले ‘बलात्’ मला फार आवडते. इंग्रजीचे ‘अप’ आणि ‘ऑफ’ तेच करतात.

याहून मौजेची गोष्ट अशी की उपसर्ग धातूला चिकटून पुढेच असला पाहिजे, हा नियम नंतरच्या संस्कृताचा आहे. वेदांत तो धातूनंतरही येऊ शकतो आणि मध्ये इतर शब्द जाऊन दूरही पडू शकतो, हे पाणिनीने ‘छन्दसि परेऽपि’ व ‘व्यवहिताश्च’ या लागोपाठच्या सूत्रांत नोंदवले आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातील सातवी ऋचा पाहावी. ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ अशी ती सुरू होते आणि ज्या क्रियापदाशी त्या ‘उप’चे नाते आहे ते ‘एमसि’ अगदी शेवटी येते. हे अग्नी, आम्ही दररोज तुझ्याजवळ येतो, असा आशय. पण ‘जवळ’ आरंभी आणि ‘येतो’ अखेरीस, मध्ये सगळी प्रार्थना. नांदेडच्या सरांनी ‘टर्न इट ऑफ’मध्ये सर्वनाम मध्ये बसते असे लिहिले तेव्हा मला ही ऋचा आठवली. आपल्याकडे सुटा शब्द पुढे धातूला जाऊन चिकटला. इंग्रजीत उलटे घडले. जुन्या इंग्रजीत हे शब्द क्रियापदाच्या आधी जोडले जात, आणि ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विदस्टँड’ हे त्या काळचे अवशेष आहेत. पुढे ते मागे जाऊन सुटे झाले. म्हणून आजही ‘ओव्हरटेक’ आणि ‘टेक ओव्हर’, ‘अपसेट’ आणि ‘सेट अप’ अशा जोड्यांत तेच दोन तुकडे जागा बदलून निराळे अर्थ देतात. महामार्गावर पुढच्या ट्रकला ‘ओव्हरटेक’ करणाऱ्याने तो ट्रक ‘टेक ओव्हर’ केला असे म्हटले, तर पोलिसांत तक्रार होईल.

प्रश्नकर्त्या मुलाने एवढ्याने खट्टू होऊ नये. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत अधिक अडचण याच प्रकारच्या क्रियापदांची होते, असे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे.


उत्तर : शब्दांची-हमाली (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांची उत्तरे माहितीपूर्ण आहेत. तरीही मला एक हरकत नोंदवावीशी वाटते. मी भाषांतराचे काम करते आणि ‘ऑफ म्हणजे अलग, अप म्हणजे वर’ हे सूत्र हाती धरून मी सुरुवातीला पुष्कळ चुका केल्या आहेत. अर्थ आधीच ठाऊक असेल तर सूत्र सुंदर जुळते. ठाऊक नसेल तर ते वाट दाखवतेच असे नाही. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हे ‘दूर’वरून समजेल. एखाद्या गोष्टीवरून मन उडणे हाही ‘पुट ऑफ’चाच अर्थ आहे, तोही ओढूनताणून समजेल. पण ‘पुल ऑफ’ म्हणजे अवघड काम यशस्वी करून दाखवणे, हे ‘ओढणे’ आणि ‘अलग’ यांच्या बेरजेतून कुणी काढून दाखवावे. घर ‘बर्न डाउन’ होते आणि कागद ‘बर्न अप’ होतो, दोन्ही जळून खाक. ‘स्लो डाउन’ आणि ‘स्लो अप’ दोन्हींत वेग कमीच होतो. अर्ज भरायचा तर ब्रिटनमध्ये बहुधा ‘फिल इन’ आणि अमेरिकेत ‘फिल आउट’ म्हणतात. एक आत, एक बाहेर, आणि अर्ज तोच. तर्क हा अर्थ लक्षात ठेवण्यास उपयोगी आहे, अर्थ शोधून काढण्यास तो पुरेसा नाही, असे माझे मत आहे.

म्हणून वहीबद्दल माझी सूचना निराळी आहे. वर्णानुक्रम मोडून टाकावा. ‘गो ऑफ’ समोर ‘वाजणे, विझणे, नासणे, फुटणे’ अशी नुसती यादी लिहू नये. ‘अलार्म’, ‘लाइट’, ‘मिल्क’, ‘बॉम्ब’ हे सोबती लिहावेत आणि प्रत्येकाबरोबर एक पूर्ण वाक्य लिहावे. जोडी पाठ करायची नाही, त्रिकूट पाठ करायचे. शब्दकोशही विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी वापरावा. त्यात ही क्रियापदे मूळ क्रियापदाच्या नोंदीत स्वतंत्रपणे देऊन कर्म कुठे बसते तेही दाखवलेले असते. खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशांत एवढी जागाच नसते.

जाता जाता, ‘सुटणे’सारखेच ‘लागणे’ हे क्रियापद पाहावे. भूक, आग, ठेच, नोकरी, वेळ, निकाल, डोळा आणि नाद, हे सगळे आपल्याला ‘लागतात’. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत या क्रियापदाची नोंद भलतीच लांब आहे. तिकडच्या माणसाला आपले ‘लागणे’ किती लागले असेल, याची त्यावरून कल्पना येते.


उत्तर : घागर-रांग (लातूर)

संभाजीनगरच्या ताईंचे म्हणणे पटले; तरी ‘अप’च्या बाबतीत एक सोय मी मुलीला शिकवताना शोधली आहे, ती सांगते. ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘यूज’ म्हणजे वापरणे आणि ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘ड्राय’ म्हणजे सुकणे आणि विहीर ‘ड्राय अप’ झाली म्हणजे पार आटून गेली. इथे ‘अप’चा ‘वर’शी काही संबंध नसून तो आपल्या संयुक्त क्रियापदांतील ‘टाकणे’ किंवा ‘जाणे’ यांचे काम करतो, म्हणजे क्रिया शेवटास नेतो. मराठीत आपण मागे दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रजी मागे छोटा शब्द जोडते. शिवाय आपल्याकडे ‘करून बसलो’मध्ये पश्चात्तापही येतो, जो ‘अप’ला जमत नाही.

‘रन आउट’ मात्र तिने क्रिकेटवरून धावबाद एवढाच ऐकला होता. मी तिला २०१६ चा उन्हाळा सांगितला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने आमच्या शहराला पाणी आणावे लागले होते, आणि त्या वेळी ती फारच लहान होती. ‘लातूर रॅन आउट ऑफ वॉटर’ हे वाक्य मी तिला लिहून दिले. क्रिकेटमध्ये खेळाडू बाद होतो, इथे साठा संपतो, आणि संपलेल्या वस्तूच्या आधी ‘ऑफ’ नव्हे तर ‘ओ-एफ’ हे दुसरे अव्यय येते. मराठी लिपीत दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे वहीत लिहिताना ही एक जागा सांभाळावी. या वाक्यानंतर ती तो अर्थ विसरलेली नाही.


प्रश्नकर्ता : दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सुटणे’चे उदाहरण वाचून मला हसूच आले, कारण ज्या भाषेत मी जन्मापासून बोलतो तिच्यात हा प्रकार आहे याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. काल रात्री वहीतील ‘ऑफ’ची सर्व पाने काढून नव्या वहीत सोबत्यांसह लिहायला घेतली. एकतीस जोड्यांपैकी एकोणीस ठिकाणी नांदेडच्या सरांचे सूत्र बसले, बाकीच्या बारा ठिकाणी ताईंची हरकत बरोबर ठरली. त्या बारांसमोर मी फक्त वाक्ये लिहून ठेवली आहेत.

एक शंका राहिली. ‘मेक आउट’चा अर्थ एका पुस्तकात ‘लिहिणे’ असा आहे आणि दुसऱ्यात ‘वाचता येणे’ असा. मित्र आणखी एक तिसराच अमेरिकी अर्थ सांगून हसतो, तो मी इथे विचारत नाही. पहिले दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध नाहीत का?


उत्तर : निवृत्त-रोखपाल (बीड)

याचे उत्तर माझ्याच काउंटरवर आहे. कोणाच्या नावे चेक ‘मेक आउट’ करणे म्हणजे त्याचे नाव व रक्कम घालून तो लिहून देणे. अक्षर किंवा दूरचा माणूस ‘मेक आउट’ होणे म्हणजे तो नीट ओळखू येणे; हा अर्थ बहुधा ‘कॅनॉट’बरोबर येतो, तेवढी खूण आपण धरून ठेवावी. आमचे एक जुने खातेदार डॉक्टर होते. त्यांनी ‘मेक आउट’ केलेला एकही चेक मला माझ्या संपूर्ण नोकरीत ‘मेक आउट’ झाला नाही. प्रत्येक वेळी त्यांना दूरध्वनी करूनच रक्कम विचारावी लागे.